रोज धुतलेलं रेशीम

नांदेडच्या इतवाऱ्यात रईसाबीला ओळखत नसेल असं घर विरळाच. ती गोधड्या आणि दुलया शिवायची, म्हणून लोक तिला ओळखायचेच; पण त्याहून जास्त ओळखायचे ते तिच्या एका खोडीमुळं. कापड समोर आलं की ती ते उजेडात धरून बघायची नाही, बोटांत चुरगाळायची नाही. सरळ उचलून गालाला लावायची. डोळे मिटून दोन श्वास थांबायची आणि मग निकाल द्यायची, "हे चालंल." नाहीतर, "हे ठिवा बाई, खिडकीला लावा." मग समोर जहागीरदाराच्या घरचा किनखाप असो की कुणाचं विरलेलं धोतर.

ही खोड बापाकडून आलेली. निजामोद्दीन दर्जी शेरवान्या शिवायचे. त्यांच्याकडं मशरूचे तागे असायचे. मशरू म्हणजे वरून रेशीम आणि आतून सूत असं कापड. नुसतं रेशीम अंगाला लावायचं नाही असं मानणारे दीनदार लोक ते हौसेनं घालत. बाप लेकीला म्हणायचा, "सुईनं बोटं बहिरी होतात, बेटा. गाल मात्र म्हातारपणापर्यंत खरं बोलतो."

तेरा वर्षांची असताना रईसानं हट्टानं एक दुलई शिवली होती. वरून लालभडक रेशमी अतलस, खाली कोरा सुती मांजरपाट. बापानं बघितलं, पण अडवलं नाही. पहिल्या धुण्यात मांजरपाट आटला आणि अतलस होती तेवढीच राहिली. दुलईला म्हातारीच्या तोंडासारख्या सुरकुत्या पडल्या. पोर रडायला लागली, तर निजामोद्दीन म्हणाले, "फेकायची न्हाई. हिवाळाभर तूच पांघर." सगळा हिवाळा ती सरसर वाजणारी, अंगावरून घसरणारी दुलई पांघरून तिनं काढला. होळीपर्यंत तिला न सांगता बरंच कळलं होतं. सूत रेशमाजवळ न्यायच्या आधी तीनदा धुवून आटवून घ्यायचं. रेशीम ताणून बसवायचं नाही, बोटभर सैल ठेवायचं. आणि सुती दोरा रेशमाला कापतो, म्हणून त्याच रेशमाच्या काठातून दोरा उसवून काढायचा. निजामोद्दीन हे सगळं एका वाक्यात सांगायचे, "सूत आधी रडून घेऊ दे, मग रेशमाशी निकाह लाव."

तिचा स्वतःचा निकाह लातूरच्या तय्यब पिंजाऱ्याशी लागला. दर्ज्याची पोर पिंजाऱ्याला दिली म्हणून भाऊबंदांनी नाकं मुरडली. निजामोद्दीनची नजर तोवर अधू होत चालली होती. ते म्हणाले, "घरात रेशीम होतं, आता कापूस आला. मला अजून काय पायजे?" तय्यब लातूर सोडून सासऱ्याच्या दारी नांदेडला येऊन राहिला. मोठा अबोल माणूस. सकाळी कापूस पिंजायची धनुकली घेऊन बसला की दुपारी उठायचा तेव्हा भुवया, पापण्या, दाढी सगळं पांढरं. रईसाला तो आवडायचा. त्याच्या धनुकलीच्या तातीचा टणत्कार ऐकूनच तिला कळायचं की कापूस ओला आहे की सुका, आणि नवरा खुशीत आहे की नाही. दोन मुलं झाली, वाढली, उस्मानशाही मिलमध्ये कामाला लागली. बाप अल्लाघरी गेला. रईसा चाळिशी ओलांडून गेली आणि तिच्या गोधड्या धर्माबाद, मुखेडपर्यंत जाऊ लागल्या.

फसली सन तेराशे सेहेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीसच्या हिवाळ्यात, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, गुणाबाई सुईण तय्यबच्या दुकानाशी आली.

"तय्यबभाऊ, एकदम बारीक पिंजलेला कापूस दे. सरकीचा कण ऱ्हाता कामा न्हाई."

"कुणाला?" रईसानं आतून विचारलं.

"रेणुकादास वकिलाच्या बायकोला. विमलला. सातव्या महिन्यातच मोकळी झाली. पोरगी हाय. माझ्या पंजात मावती, बघ." गुणाबाईनं आपला रखरखीत पंजा पुढं केला. "आधीची दोन गेली. ही तिसरी. आज तिसरा दिवस हाय. पर कातडं असं हाय की कांद्याचा पापुद्रा. लुगड्याच्या दुपट्यात ठिवली तर टाक्यांचे वळ उठून ऱ्हायलेत. नुसत्या कापसात ठिवली तर तंतू नाकात जातात, अंगाला चिकटतात. काढाया गेलं की कातडं निघतं."

रईसानं हातातली सुई खोचून ठेवली. "मी येते संगं."

वकिलाचं घर भलतं कडक सोवळ्याचं. रेणुकादास कचेरीत दिवसभर उर्दूत बोलायचे, उर्दूत लिहायचे आणि घरी आले की विहिरीवर अंघोळ करून मगच आत पाऊल टाकायचे. त्यांचे वडील माधवराव त्यांच्याही वरचे. पण बाळंतिणीच्या खोलीला सोयर होतंच, त्यामुळं तिथं मागच्या दारानं कोण आलं नि कोण गेलं याची विचारपूस नव्हती. रईसा गुणाबाईच्या मागोमाग आत गेली.

विमल तेवीस-चोवीस वर्षांची असेल. भिंतीला टेकून बसली होती आणि मांडीवरच्या पोरीकडं बघत नव्हती. बघायची सवय लागू नये म्हणून बघत नव्हती, हे रईसाला एका नजरेत कळलं. शेगडीत निखारे होते. कापसात पोरगी होती. लालसर, सुरकुतलेली, रडायचंही बळ नसलेली. गुणाबाई कापसाची वात दुधात बुडवून तिच्या ओठाला लावत होती.

"रईसाखाला," विमल हळूच म्हणाली, "हिला टोचणार नाही असं काही आहे का हो तुमच्याकडं?"

"हाय," रईसा म्हणाली. "उद्या आणते."

घरी येऊन तिनं बापाची पेटी उघडली. तळाशी हिरव्या मशरूचा एक तुकडा होता, कधीच न वापरलेला. बापाच्या हातचा शेवटचा. रेशमाची बाजू आत घेऊन, पाठीला जुन्या मलमलीचा पदर लावून, मध्ये तय्यबचा कापूस पातळ पसरून तिनं इवलंसं दुपटं शिवलं. टाके बाहेरून घातले. बाळाच्या बाजूला एकही टाका येऊ दिला नाही. इतकं देखणं काम तिच्या हातून वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. विमलनं ते बघितलं आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर जरा उजेड आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाई धावतच दारात आली. "रईसाबी, ते दुपटं काढलं बाई मी. पोर गार पडली होती. पाय निळे. आईच्या छातीशी धरून धरून कशीबशी उबेला आणली."

गुणाबाईनं दुपटं कट्ट्यावर ठेवलं आणि ती परत गेली. रईसानं ते उचललं आणि गालाला लावलं. पितळेच्या ताटासारखं थंड. कोऱ्या कापडाची खळ अजून अंगात होती. काठ तर नखासारखा लागत होता.

तय्यबनं धनुकली बाजूला ठेवली.

"काय झालं?"

"मी गालाला लावलंच न्हवतं," रईसा म्हणाली. "एवढं भारी कापड, अब्बाचं. त्याला काय पारखायचं, असं वाटलं मला. लाज वाटली पारखायला. पोरगी गेली असती, आवो. माझ्या हातानं गेली असती."

तय्यबनं पेटी तिच्याकडं सरकवली. मग म्हणाला, "गेली न्हाई ना? मंग आता लाव गालाला. पेटीत अजून लई कापड हाय."

तिनं पेटी उपडी केली. अतलस, पट्ट्यांची सुसी, लग्नातली ओढणी, कुणाच्या खणांचे तुकडे. एकेक उचलून गालाला लावलं. एक जरीनं टोचलं, एक रंग सोडत होतं. लग्नाची ओढणी मऊ होती, पण पंचवीस वर्षं घडीत राहून घडीवरच तडकलेली. जरा ओढली की टरकन फाटायची. संध्याकाळपर्यंत तिच्या भोवती कापडाचा ढीग झाला आणि हाताला काही लागलं नाही.

"सुती लुगडं मऊ कशानं होतं?" तिनं तय्यबला विचारलं, पण विचारत होती स्वतःलाच. "रोज धुवून. रोज अंगाला लागून. रेशीम कुणी रोज धुतं का? लग्नात नेसलं, पेटीत ठिवलं. मंग ते मऊ व्हायचं कधी?"

आठव्या दिवशी ती पुन्हा विमलकडं गेली. पोरगी जिवंत होती, तेवढंच म्हणायचं. विमल आता तिला छातीशी घट्ट धरून बसली होती, आणि दंडाला रग लागली तरी खाली ठेवत नव्हती.

"बाई," रईसा म्हणाली, "रेशमाचा दोष न्हवता. माझा होता. मला जुनं रेशीम पायजे. असं, जे पेटीत न्हाई ऱ्हायलं. रोज नेसलंय, रोज धुतलंय, चमक गेलीय, पर जीव हाय. त्यातली खळ जाऊन ते सुतासारखं ऊब धरतं आन् टोचत न्हाई. हाय का तुमच्या घरात असं काही?"

गुणाबाईनं निखारे सारखे करता करता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"आहे," शेवटी विमल म्हणाली. आवाज इतका खाली की रईसाला पुढं वाकावं लागलं. "मामंजींचा मुकटा."

तो मुकटा म्हणजे देवपूजेला नेसायचं रेशमी वस्त्र. विमलच्या सासूबाईंनी काशीयात्रेत तो नवऱ्यासाठी निवडून घेतला होता आणि परतल्यावर वर्षाच्या आत त्या गेल्या. त्याला बावीस वर्षं झाली. रेशमाला रोज धुवायची गरज नाही असं शास्त्र सांगतं, पण माधवरावांचं शास्त्र त्याच्या पुढचं होतं. पूजा झाली की मुकटा ते स्वतः विहिरीच्या पाण्यात खंगाळायचे, महिन्यातून एकदा रिठ्याच्या पाण्यात, आणि काठीनं उंच वलणीवर टाकायचे. घरातल्या कुणीही त्याला आजवर बोट लावलं नव्हतं. आता सोयर असल्यामुळं दहा दिवस पूजा बंद होती आणि मुकटा वलणीवरच होता. सोयरात स्वतः माधवरावही त्याला शिवत नसत.

"मी नाही हो मागू शकत," विमल म्हणाली. "आणि हेही मागणार नाहीत. त्यांनी वडिलांसमोर अजून मान वर केलेली नाही."

"नका मागू," रईसा म्हणाली. "मी दुसरं बघते."

पण दुसरं कुठं बघायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ती उठली तेव्हा खोलीच्या भिंतीपलीकडं, ओसरीवर, कुणीतरी खाकरलं. ते माधवराव होते. त्यांनी किती ऐकलं हे कळायला मार्ग नव्हता. रईसा मागच्या दारानं निघून आली.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली होती. तय्यब कापूस पिंजत होता आणि रईसा एका वाकळेला ठिगळ लावत होती. धनुकली अचानक थांबली. रईसानं मान वर केली तर दारात माधवराव उभे. सत्तरीचा, वाळक्या अंगाचा, ताठ माणूस. पायात वहाणा नाहीत, आणि छातीशी धरलेली एक पांढुरकी घडी. आयुष्यात ते या बोळात आले नव्हते. समोरच्या घरातली माणसं दाराआडून बघू लागली.

"रईसाबी तूच ना?"

"हाव, काका." ती पदर सावरून उठली.

त्यांनी घडी कट्ट्यावर ठेवली. हातात दिली नाही. इतक्या वर्षांची सवय हाताला होती. आणि मग तिथंच उभे राहिले.

"हे कापता येईल का?"

रईसा घडीकडं बघत राहिली. "काका, हे तर तुमचं सोवळ्याचं. देवाचं. मी कशी कातर लावू?"

"सोवळं राहिलंय कुठं?" माधवराव म्हणाले. "सोयरातच काढला मी वलणीवरून. हातानं काढला, काठी न लावता. मोडायचं ते मी मोडलंय. तुझ्याकडं काही पाप ठेवलं नाही. तू काप."

रईसानं रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, कोरडे केले. घडी उचलली. मग तिचा हात अर्ध्यावर थांबला. मागची चूक तिला पुन्हा करायची नव्हती, पण समोरचा माणूस कोण आहे हेही दिसत होतं.

"काका, मी कापड गालाला लावून बघते. मला तसंच कळतं. लावू का?"

माधवरावांनी डोळे मिटले, उघडले. "लाव. त्याशिवाय तुला कळायचं कसं?"

तिनं लावला. दोन श्वास. मग तिसरा, चौथा. तय्यबला वाटलं, हिला रडू आलं की काय.

"कसं आहे?" माधवरावांनी विचारलं. त्यांचा आवाज एकाएकी वेगळाच झाला होता. "मऊ आहे का?"

"काका, तुम्ही बावीस वर्षं नेसता. तुम्हाला ठाऊक न्हाई?"

"मी ते कधी पाहिलंच नाही," म्हातारा म्हणाला. "नेसताना मंत्र चालायचे. ते मऊ आहे की खरखरीत, हे कधी मनातच आलं नाही."

"मऊ हाय," रईसा म्हणाली. "लई मऊ हाय. काशीत घेणारीला कळत होतं."

माधवराव मान हलवून वळले. बोळाच्या तोंडाशी ते क्षणभर थांबलेले दिसले, मग उपरण्यानं तोंड पुसून चालू लागले.

रईसानं मुकटा दारातल्या उन्हावर धरला. कमरेला गाठ यायची तिथं तो विरून जाळीसारखा झाला होता, ते सोडलं. ओचा खोचायची जागा चुरमडून कमजोर झालेली, तीही सोडली. छातीवरून खांद्यावर जाणारा भाग मात्र एकसारखा होता, सायीसारखा. तिथं तिनं कातर लावली. पाठीला विमलनं दिलेलं, सात वर्षं नेसलेलं सुती लुगडं घेतलं. तय्यबनं गावरान कापूस निवडला आणि नेहमी एकदा पिंजतो तो तीनदा पिंजला. उजेडात धरला तर धुरासारखा दिसावा असा. दोरा मुकट्याच्याच काठातून उसवून काढला. दुपार कलायच्या आत दुपटं तयार झालं. ना रंग, ना नक्षी. बाजारात मांडलं असतं तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं.

ती ते स्वतःच्या पोटाशी धरून, ऊब देऊनच घेऊन गेली. गुणाबाईनं पोरीला त्यात ठेवलं आणि दुपट्यासकट विमलच्या छातीशी दिलं. मग तिघी बायका नुसत्या बसून राहिल्या. घटकाभरानं गुणाबाईनं आत हात घालून तळपाय चाचपले.

"कोमट हायेत," ती म्हणाली. आणि आणखी थोड्या वेळानं, "टाक्याचा वळ न्हाई कुठं."

विमलनं तेव्हा पहिल्यांदा पोरीच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि बघतच राहिली.

एका दिवसात काही सगळं ठीक झालं नाही. पौष गेला, माघ आला. कधी दूध उतरायचं नाही, कधी पोरगी दिवसभर डोळा उघडायची नाही. विमलच्या छातीवरून ती महिनाभर खाली आली नाही. विमल थकली की गुणाबाई घ्यायची, आणि एकदोनदा रईसानंही घेतलं. दुपटं धुवायचं काम रईसानं आपल्याकडंच ठेवलं होतं. रिठ्याच्या पाण्यात ते बुडवताना तिला त्या ताठ म्हाताऱ्याची आठवण यायची.

तो म्हातारा मात्र हट्टाला पेटला होता. सोयर फिटल्यापासून रोज पहाटे ओलेत्या धोतरानं पूजा करायचा. रेशमी नसेल तर ओलेतं चालतं, असं म्हणायचा. रेणुकादासांनी धीर करून नवा मुकटा आणू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाला. थंडीनं दात वाजायचे, मंत्रांचे शब्द तुटायचे. शेवटी गुणाबाईनंच अंगणातून आवाज दिला, "आजोबा, तुम्ही गारठ्यानं गेलात तर नातीच्या बारशाला सुतक यील. मंग मला शिव्या देऊ नका." त्या दिवसापासून पूजेआधी शेगडी पेटवली जाऊ लागली.

बारसं तीन महिन्यांनी झालं. नाव ठेवलं चंद्रप्रभा. रईसा आणि तय्यबला बोलावणं आलं. ओसरीच्या कडेला त्यांना बसायला सतरंजी टाकली होती. पाळण्यात ठेवल्याबरोबर पोरगी अशी किंचाळली की गल्लीतले कुत्रे भुंकायला लागले. बायका घाबरल्या. तय्यब, जो वर्षातून दोनदा हसायचा, तो मोठ्यानं हसला. माधवराव त्याच्याकडं बघून म्हणाले, "फुफ्फुसं मजबूत आहेत." त्या घरात बाहेरच्या माणसाशी झालेलं हे त्यांचं पहिलं थट्टेचं बोलणं.

पुढं गावातल्या बायका लहानग्यांच्या दुपट्यांसाठी रईसाकडं वेगळीच कापडं घेऊन येऊ लागल्या. कुणी आजीचं नेसून नेसून विटलेलं रेशमी लुगडं आणायची, कुणी सासऱ्याचा फेटा. नव्या अतलसचा तुकडा कुणी आणला तर ती परत करायची आणि सांगायची, "आधी तुम्ही वापरा. पाच वर्षांनी घेऊन या." काही बायका चिडायच्या. दोघीचौघी खरंच पाच वर्षांनी घेऊन आल्या.

चंद्रप्रभा सात वर्षांची झाली तेव्हा शाळा सुटली की थेट रईसाच्या दारात येऊन बसायची आणि अखंड बोलायची. मास्तरांनी काय सांगितलं, कुणाची पाटी फुटली, विष्णुपुरीच्या वाटेवर तिनं म्हणे कोल्हा बघितला. रईसा टाके घालता घालता ऐकायची, आणि फारच झालं की म्हणायची, "अगं, जरा दम खा. बोलून बोलून गिळायचं इसरशील." तय्यब काहीच बोलायचा नाही. पोरगी दारात दिसली की तो धनुकली हळू चालवायचा, तिचा आवाज बुडू नये म्हणून.